नाव, पगार आणि बसचा थांबा

"अर्जंट भरती. रसायनी, पाताळगंगा, खोपोली. हेल्पर, पॅकिंग, ऑपरेटर. दहावी नापास चालेल. चांगला पगार, ओव्हरटाइम वेगळा, जेवणाची सोय. लवकरात लवकर संपर्क करा. गरजू मित्रांपर्यंत पोहोचवा." खाली एक मोबाइल नंबर, मागे पिवळा किंवा लाल रंग आणि कोपऱ्यात हस्तांदोलन करणारे दोन हात. खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात फोन बाळगणाऱ्या तरुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर या धाटणीचा संदेश येत नाही असा आठवडा जात नाही. गावाच्या ग्रुपवर येतो, क्रिकेट टीमच्या ग्रुपवर येतो, गोविंदा पथकाच्या ग्रुपवर येतो. कुणीतरी स्टेटसला ठेवतो आणि तिथून तो पुढच्या गावात जातो.

संदेश पुन्हा एकदा वाचावा. काम आहे, शिक्षणाची अट आहे, जेवणसुद्धा आहे. कंपनीचं नाव मात्र नाही.

हा लेख त्या न लिहिलेल्या नावाविषयी आहे. नोकरभरतीसाठी समाजमाध्यमं वापरणं, जाहिरातीत कल्पकता आणणं यावर मोठ्या शहरांतल्या हॉटेलांमध्ये परिषदा होतात, मनुष्यबळ विभागातली मंडळी सादरीकरणं करतात. त्या चर्चेतला उमेदवार बहुधा इंजिनिअर असतो, त्याच्याकडे लॅपटॉप असतो आणि त्याला तीन कंपन्या बोलावत असतात. रसायनीजवळच्या लोधिवली गावचा उमेदवार तसा नाही. तरी आज या दोघांची भरती एकाच साधनातून, हातातल्या फोनमधून, होते. या साधनाचं खरं मोल लोधिवलीसारख्या गावातच कळतं, कारण इथे जाहिरातीतला एक शब्द खोटा निघाला तर एखाद्या घराची महिन्याची भाकरी जाते.

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीकडे निघालं की चौकच्या अलीकडे लोधिवली लागतं. एका बाजूला इर्शाळगडाचा सुळका आणि दुसऱ्या बाजूला रसायनीची धुराडी. बाहेरच्यांना गावाचं नाव ठाऊक असतं ते इथल्या धीरूभाई अंबानी रुग्णालयामुळे. मार्च २०२०मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा रिलायन्सने लोधिवलीत विलगीकरण केंद्र उभारून जिल्हा प्रशासनाकडे सोपवलं आणि हे नाव देशभरच्या बातम्यांत झळकलं. या पट्ट्याची औद्योगिक कहाणी मात्र त्याच्या साठ वर्षं आधी सुरू होते. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'एचओसी', ही सरकारी कंपनी १९६०मध्ये स्थापन झाली आणि रसायनीला तिचा कारखाना उभा राहिला. १९८२मध्ये रिलायन्सचा पाताळगंगेचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. आजूबाजूला एमआयडीसी वाढली, औषधांचे, रंगांचे, प्लॅस्टिकचे, पॅकिंगचे लहानमोठे कारखाने आले.

त्या काळात नोकरी लागण्याचे रस्ते मोजके होते. ज्याची जमीन प्रकल्पात गेली त्याच्या घरातल्या एकाला 'प्रकल्पग्रस्त' म्हणून घ्यावं यासाठी अर्ज, मोर्चे आणि वर्षानुवर्षं खेटे. बाकीच्यांनी अलिबागला जाऊन एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढायचं, दर काही वर्षांनी त्याचं नूतनीकरण करायचं आणि कॉल येण्याची वाट पाहायची. १९५९च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक होतं. त्याच कार्यालयाने पाठवलेल्या माणसाला घेतलंच पाहिजे असं बंधन मात्र नव्हतं. तिसरा रस्ता ओळखीचा. आत कामाला असलेल्या मामाने किंवा शेजाऱ्याने साहेबाच्या कानावर घालायचं.

एचओसीचा रसायनीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७मध्ये घेतला. इस्रोला लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्रकल्प तेवढा इस्रोकडे देण्याचं ठरलं आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकण्याचं. ज्या घरांनी दोन पिढ्या 'एचओसीत आहे' एवढ्या ओळखीवर लग्नं जमवली, त्या घरांतल्या तिसऱ्या पिढीला ही ओळख वारशाने मिळाली नाही. ती पिढी आता फोनवरच्या पिवळ्या चौकटीत नोकरी शोधते.

ओळखीतून भरती होण्याची परंपरा महाराष्ट्रात फार जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिल्याशिवाय आजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अर्थ लागत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांनी कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं भरली ती जॉबरच्या हातून. तो खात्याचा मुकादम. गिरणीचा मालक कामगाराला ओळखत नसे, जॉबर ओळखत असे. तो गावाकडून माणसं आणी, त्यांना खोलीत जागा मिळवून देई, खानावळीत उधारी लावून देई, आणि त्या बदल्यात पहिल्या पगारातून, कधी दर पगारातून, आपली दस्तुरी घेई. रिळाच्या खात्यात बायका होत्या. त्यांच्यावर नायकीण असे, आणि तिचाही हात असाच पसरलेला असे. पहाटे गिरणीच्या दारात बदली कामगार उभे राहत आणि आज कुणाला आत घ्यायचं ते जॉबर बोटाने दाखवी. १९३१च्या रॉयल कमिशन ऑन लेबरने या पद्धतीवर कडक टीका केली. १९३५पासून गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डं देण्याची योजना आणली आणि जॉबरच्या बोटातली ताकद हळूहळू कमी झाली.

जॉबरने माणसांना लुटलं, हे खरंच आहे. त्याच्याकडे एक गोष्ट मात्र होती. त्याचा चेहरा. तो कुठे राहतो, त्याचं गाव कोणतं, त्याच्याशी भांडायला कुणाच्या दारात जायचं हे कामगाराला ठाऊक होतं.

कर्जत-खालापूरच्या डोंगरांतल्या कातकरी वाड्यांवर याहून कठोर भरती चालते, आणि तिला कोणतंही माध्यम लागत नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, आजारपण येतं, गौरी-गणपती येतात. वीटभट्टीवाल्या शेठचा माणूस वाडीवर येतो, आगाऊ रक्कम हातात ठेवतो. ही उचल. दिवाळी झाली की नवरा-बायको-पोरांसह बिऱ्हाड भट्टीवर जातं आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत विटा पाडून ती रक्कम फेडतं. हिशेब शेठच्या वहीत. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने रद्द झाली, पण उचल देऊन बांधून घेण्याच्या तक्रारी रायगड, ठाणे, पालघरमधून अजून येतात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित गणल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक. लोधिवलीपासून हाकेच्या अंतरावरच्या एमआयडीसीत पॅकिंगची माणसं हवी असतात आणि त्याच वेळी वाडीवरची तरणीताठी जोडपी पनवेल, भिवंडीकडच्या भट्टीवर जातात. भट्टीवाला वाडीपर्यंत पोहोचला, कारखाना पोहोचला नाही. भरतीच्या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने या एका वस्तुस्थितीवर थोडं थांबावं.

आता फोनकडे येऊ. रसायनी, मोहोपाडा, चौक, खोपोली या भागांच्या नावाने नोकऱ्यांचे फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालतात. ते चालवणाऱ्यांत तीन प्रकारची माणसं दिसतात. काही खरेच समाजसेवा म्हणून चालवतात. गावातली शिकलेली मुलं, एखाद्या पक्षाचा किंवा मंडळाचा कार्यकर्ता, कंपनीत सुपरवायझर असलेला कुणी. दुसरे कंत्राटदार किंवा त्यांची माणसं. तिसरे निव्वळ दलाल, ज्यांचा धंदा बायोडाटे गोळा करून पुढे विकण्याचा. वाचणाऱ्याला तिघांची पोस्ट सारखीच दिसते.

कंपनीचं नाव का नसतं, याची कारणं समजून घ्यावी लागतात. पहिलं कारण कंत्राटी पद्धतीत आहे. ज्या कारखान्याच्या गेटमधून माणूस आत जातो तो कारखाना कागदोपत्री त्याचा मालक नसतो. मालक कंत्राटदार असतो. कंपनी म्हणते, आम्ही भरती करत नाही, मनुष्यबळ पुरवण्याचं काम दिलं आहे. कंत्राटदाराला आपल्या गिऱ्हाईक कंपनीचं नाव जाहीर करायचं नसतं, कारण दुसरा कंत्राटदार तिथे पोहोचेल. दुसरं कारण भीतीचं. कंपनीने नाव टाकून भरती जाहीर केली की गेटवर गर्दी होते, पुढाऱ्यांचे फोन येतात, 'स्थानिकांना किती टक्के घेतलं' हा प्रश्न येतो. राज्याच्या धोरणानुसार उद्योगांनी एकूण नोकऱ्यांत ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय जागांत ५० टक्के स्थानिकांना घ्यावं अशी अपेक्षा आहे. स्थानिक म्हणजे किमान १५ वर्षं राज्यात राहणारा आणि मराठी जाणणारा. या धोरणाची मुळं १९६८पर्यंत जातात. ज्याला तो प्रश्न टाळायचा आहे त्याला निनावी पोस्ट सोयीची पडते.

असं करून कारखाने आपलंच नुकसान करून घेतात, असं माझं स्पष्ट मत आहे. याच पट्ट्यात दोन तक्रारी एकाच दिवशी ऐकू येतात. तरुण म्हणतात, कामं नाहीत. कंपन्या म्हणतात, माणसं टिकत नाहीत, आलेला पोरगा आठ दिवसांत पळतो. तो पळतो कारण त्याला काय काम आहे हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. 'पॅकिंग' म्हणून नेलं आणि ड्रम लोटायला लावले, जनरल शिफ्ट म्हणून सांगितलं आणि नाइटला टाकलं, पगाराचा जो आकडा सांगितला त्यात ओव्हरटाइम धरलेला होता, अशी कारणं निघतात.

जगभर भरतीसाठी केलेल्या कल्पक जाहिरातींच्या गोष्टी रंजक आहेत. जानेवारी १९४२मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने शब्दकोडं बारा मिनिटांत सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामासाठी बोलावणं आलं. २००४मध्ये गूगलने कॅलिफोर्नियातल्या महामार्गावर स्वतःचं नाव न लिहिता गणिताचं कोडं लावलं. उत्तर सापडलेल्याला संकेतस्थळाचा पत्ता मिळत होता आणि तिथून पुढे नोकरीची वाट होती. २००९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पर्यटन खात्याने 'जगातली सर्वोत्तम नोकरी' जाहीर केली. बेटावर सहा महिने राहायचं, अनुभव लिहायचे आणि दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर घ्यायचे. ३४ हजारांवर लोकांनी आपले चित्रफितींचे अर्ज पाठवले. एकच जागा भरायची होती, पण त्या बेटांची जाहिरात साऱ्या जगात झाली.

यांतला मला सर्वांत उपयोगी वाटतो तो ऑस्ट्रेलियातल्या आयकियाचा प्रयोग. नवं दुकान उघडताना त्यांना माणसं हवी होती. त्यांनी आपल्या फर्निचरच्या खोक्यांमध्येच, खुर्ची कशी जोडावी याचं जे पत्रक असतं त्याच धर्तीचं 'तुमची कारकीर्द कशी जोडावी' असं पत्रक घातलं. हजारोंनी अर्ज आले. टपालखर्च नाही, वर्तमानपत्राची जागा नाही. हवा असलेला माणूस रोज जी वस्तू हाताळतो तिच्यावर निरोप ठेवला, एवढीच त्यातली युक्ती. खालापुरात ती वस्तू कोणती? रेशन दुकान, एसटीचा थांबा, आश्रमशाळेची भिंत, आरोग्य केंद्राची ओसरी, चौकचा बाजार, इको आणि मिनीडोरच्या मागची काच. आणि हो, गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. क्यूआर कोडचा कागद या सगळ्या जागी लागू शकतो.

गूगलने नाव लपवलं तेव्हा नाव शोधून काढणं हाच खेळ होता, आणि खेळणारा हरला तरी त्याचं काही जात नव्हतं. आपल्याकडे नाव लपवलं की उमेदवाराचं गाडीभाडं जातं, दिवसाची हजेरी जाते, कधी आधार कार्डाची प्रत भलत्याच्या हाती जाते. त्यामुळे परदेशातली युक्ती जशीच्या तशी उचलणाऱ्यांनी आधी पाहावं की तिचा खर्च कोण सोसतो आहे.

याच संदर्भात २०२४च्या नोव्हेंबरमध्ये झोमॅटोच्या दीपिंदर गोयल यांनी 'एक्स'वर टाकलेल्या जाहिरातीचं बोलायला हवं. 'चीफ ऑफ स्टाफ' हवा, पहिल्या वर्षी पगार नाही, उलट उमेदवारानेच २० लाख रुपये एका सेवाभावी उपक्रमाला द्यायचे. देशभर चर्चा झाली, हजारो अर्ज आले, आणि मग गोयल यांनी सांगितलं की ती २० लाखांची अट केवळ चाळणी होती, कुणाकडून पैसे घ्यायचे नव्हते. प्रसिद्धी म्हणून तो डाव यशस्वी ठरला. मला तो चुकीचा वाटतो. नोकरीसाठी आधी पैसे मोजणं ही एक धाडसी, हुशार गोष्ट आहे असा संदेश ज्या देशात लाखो तरुणांना 'रजिस्ट्रेशन फी'च्या नावाखाली फसवलं जातं त्या देशात जाऊ नये.

विमानतळाच्या निमित्ताने ही फसवणूक या भागाच्या दारात आली आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. पनवेल, उरण, खालापूर, कर्जतच्या मुलामुलींना तिथे काम मिळेल ही आशा रास्त आहे. ग्राउंड स्टाफ, मालवाहतूक, सफाई, सुरक्षा, खाद्यगृहं, टॅक्सी, कामं खूप प्रकारची आहेत. त्याच आशेवर डल्ला मारणाऱ्यांना फक्त विमानाचं चित्र आणि एक बोधचिन्ह पुरतं. भारतीय विमानतळ प्राधिकरणाला बनावट भरतीविरुद्ध वारंवार जाहीर इशारे द्यावे लागले आहेत. पद्धत ठरलेली असते. इन्स्टाग्रामवर जाहिरात, मग व्हॉट्सअ‍ॅपवर गोड आवाजातला फोन, मग गणवेशाचे पैसे, प्रशिक्षणाचे पैसे, वैद्यकीय तपासणीचे पैसे. प्रत्येक रक्कम लहान, म्हणून माणूस भरत जातो.

याहून वाईट टोक म्यानमारमध्ये दिसलं. टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवरच्या 'थायलंडमध्ये डेटा एंट्री' अशा जाहिरातींना भुलून गेलेले भारतीय तरुण सीमेपलीकडच्या म्यावाडीच्या छावण्यांत अडकले आणि त्यांना तिथून इतरांना ऑनलाइन लुटण्याच्या कामाला जुंपलं गेलं. मार्च २०२५मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी ५००हून अधिक जणांना परत आणलं. घरबसल्या 'टास्क' करून पैसे देणाऱ्या आणि बँक खातं वापरायला मागणाऱ्या नोकऱ्याही याच साखळीतल्या. खातं आपल्या नावावर असतं, गुन्ह्याचा पैसा त्यातून फिरतो आणि पोलीस आपल्या दारात येतात. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करावा. लाजेने घालवलेला प्रत्येक तास फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

समाजमाध्यमांवर माणसं खेचायची तर काम दिसावं लागतं, आणि इथेच रसायनीच्या कारखान्यांची खरी अडचण आहे. त्यांचं काम दिसत नाही. ज्वलनशील द्रावणं असलेल्या प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही, तो गेटवर जमा करावा लागतो. नियम योग्य आहे. पण त्याचा परिणाम असा की आतल्या कामाचं एकही चित्र बाहेर येत नाही. उलट कर्जतच्या रिसॉर्टमधला मुलगा स्विमिंग पुलाच्या काठावर रील बनवतो. खोपोलीजवळ सांगडेवाडीला २०१३मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात काम करणारी मुलगी रंगीत पोशाखात फोटो टाकते. त्यांच्या गावातल्या धाकट्यांना ते काम दिसतं, हवंसं वाटतं. रसायनीत डीसीएस, म्हणजे संगणकीय नियंत्रणाच्या पॅनेलवर बसून रिअ‍ॅक्टरचं तापमान सांभाळणाऱ्या ऑपरेटरचं काम त्याहून कौशल्याचं आणि बहुतेक वेळा अधिक टिकाऊ असतं. ते मात्र कुणालाच दिसत नाही. गावात 'केमिकल कंपनी' म्हणजे वास, धूर आणि आजार एवढंच चित्र उरतं. त्यातलं सगळंच खोटं नसतं, म्हणून तर कंपनीने समोर येऊन बोलायला हवं.

आयटीआयमध्ये एओसीपी नावाचा ट्रेड आहे, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम जणू या पट्ट्यासाठीच आहे. दहावीच्या निकालानंतर प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला इलेक्ट्रिशियन आणि फिटर ठाऊक असतात, एओसीपी म्हणजे काय ते मास्तरांनी समजावून सांगावं लागतं. कल्पक जाहिरात करायची तर इथे करावी. सुरक्षा विभागाच्या परवानगीने, प्लांट बंद असताना किंवा प्रशिक्षण कक्षात, नव्वद सेकंदांची मराठी फीत बनवता येते. कंपनीतल्याच, शेजारच्या गावातून येणाऱ्या ऑपरेटरने बोलावं. मी कुठल्या शिफ्टला येतो, बस कुठे थांबते, अंगावर कोणती सुरक्षा साधनं (पीपीई) घालतो, हेल्पर म्हणून लागलो तेव्हा हातात किती पडत होते आणि आज किती पडतात, नाइटला काय त्रास होतो. त्याच्या बोलीत, आगरी असो की ठाकरी, जशी येते तशी. ड्रोनने घेतलेली कारखान्याची चित्रं आणि पार्श्वसंगीत नसलं तरी चालेल. गावातला पोरगा ती फीत शेवटपर्यंत पाहील, कारण तिच्यातला माणूस त्याच्या ओळखीचा असेल. जॉबरकडे जो चेहरा होता तो दस्तुरीशिवाय परत आणण्याचा हा मार्ग आहे.

शिकाऊ उमेदवारांच्या बाबतीत कायदाही कंपन्यांच्या पाठीशी आहे. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचेच असतात. महाराष्ट्र सरकारच्या २०२४च्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवी अशा टप्प्यांनी महिना ६, ८ आणि १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं. जागा आहेत. त्यांची माहिती ज्याला हवी त्याच्या भाषेत, त्याच्या फोनवर पोहोचत नाही. शिकलेल्यांची गत निराळी नाही. लिंक्डइनवर एखाद्या औषध कंपनीच्या 'वॉक-इन'ची इंग्रजी पोस्ट येते आणि तिच्याखाली शेकडो 'इंटरेस्टेड सर' जमतात. खोपोलीच्या किंवा रसायनीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली मुलं त्या रांगेत असतात. पुष्कळदा पोस्ट टाकणाऱ्याला माणूस नको असतो, प्रतिसादांची संख्या हवी असते. उत्तर न येण्याची सवय लागलेला उमेदवार हळूहळू अर्ज करणंच सोडतो.

सरकारी नोकरीला यातलं काहीच करावं लागत नाही. २०२४च्या पोलीस भरतीत राज्यात सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. पहाटे महामार्गाच्या कडेने पळणारी मुलंमुली खालापुरात रोज दिसतात. त्यांच्या फोनवर भरती अकादमींच्या रील चालू असतात. पोलीस खात्याने त्या बनवलेल्या नाहीत. ही मुलं इतकी धावतात कारण जाहिरातीत पद, वेतनश्रेणी, वय, उंची, मैदानी चाचणीचे गुण, आरक्षण, निवडीची पद्धत असं सगळं लिहिलेलं असतं आणि लिहिलेलं तसंच होईल यावर त्यांचा बराचसा विश्वास असतो. खासगी कारखाना पेन्शन देऊ शकणार नाही. एवढी स्पष्टता तो देऊ शकतो.

मुलींचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. उरलेल्यांना भरतीचा संदेश मिळतो तो भावाने किंवा नवऱ्याने दाखवला तर. आणि जिच्याकडे फोन आहे तिला तरी जाहिरात दिसेलच असं नाही. फेसबुकवर कामाच्या जाहिराती वय, लिंग, पिनकोड निवडून दाखवता येत, म्हणून अमेरिकेत खटले झाले आणि मार्च २०१९मध्ये कंपनीला तिथे तडजोड करून ती सोय काढावी लागली. २०२१मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की जाहिरातदाराने काहीही निवडलं नाही तरी फेसबुकची यंत्रणा स्वतःहून काही नोकऱ्या पुरुषांना जास्त आणि काही स्त्रियांना जास्त दाखवत होती. आपल्याकडे तर पोस्टवरच 'फक्त मुले' असं उघड लिहिलेलं असतं. औषधांच्या तपासणी आणि पॅकिंग विभागांत बायका उत्तम काम करतात हे या पट्ट्यातल्या कंपन्यांना पक्कं माहीत आहे. त्यांना घ्यायचं तर निरोप बचतगटाच्या बैठकीत, अंगणवाडी ताईंकडे, आशाताईंकडे जायला हवा. घरच्यांना पहिला प्रश्न पडतो तो जाण्या-येण्याचा. बस वाडीच्या फाट्यापर्यंत येते की महामार्गावर सोडते, संध्याकाळी किती वाजता सोडते, एवढं जाहिरातीत असेल तर अर्ध्या घरांची परवानगी तिथेच मिळते.

वाड्यांचंही तेच. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली तेव्हा राज्याला कळलं की मुंबईच्या इतक्या जवळ गाडीरस्ता नसलेली वस्ती होती. अशा वस्त्यांवर रील पोहोचत नाही. तिथे कंपनीच्या माणसाने भादव्यात, भट्टीवाल्याच्या आधी, चालत जायला हवं. सोबत उचल नको, नियुक्तिपत्र हवं.

नियुक्तिपत्राचं आता कायद्यात आलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि त्यानुसार प्रत्येक कामगाराला, कंत्राटी असला तरी, नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालं. त्यावर मालकाचं नाव येणारच आहे. जे नाव महिन्याभराने कागदावर द्यायचंच आहे ते पहिल्या दिवशी पोस्टवर लिहायला हरकत कसली?

म्हणून रसायनी, पाताळगंगा, खोपोलीच्या कारखान्यांतल्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. आपल्या कंत्राटदाराशी करार करताना एक अट घाला, की भरतीच्या प्रत्येक पोस्टवर कारखान्याचं नाव, कंत्राटदाराचं नाव, कापून हातात पडणारा पगार, शिफ्टच्या वेळा आणि बसचे थांबे मराठीत असतील आणि 'कुणालाही पैसे देऊ नका' ही ओळ मोठ्या अक्षरांत असेल. कंपनीच्या स्वतःच्या नावाचं एक व्हॉट्सअ‍ॅप चॅनल उघडा आणि जागा भरली की 'भरली' असंही तिथे लिहा. आणि ग्रुपवर पोस्ट पुढे ढकलणाऱ्या तरुण मित्रांनो, ज्या पोस्टवर कंपनीचं नाव नाही ती कितीही गरजू मित्रासाठी असली तरी पुढे पाठवू नका. आधी त्या नंबरवर फोन करून नाव विचारा. आधार, पॅन आणि बँकेचा कागद गेटच्या आत, पावती घेऊन द्या. कामाला लागल्यावर तीन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडून पाहा, तिथे तुमच्या मालकाचं नाव आणि जमा रक्कम दोन्ही दिसायला हवीत. दिसली नाहीत तर पनवेलला किंवा अलिबागला कामगार खात्यात लेखी तक्रार करा, आणि एकट्याने जाऊ नका.